बाळाच्या उशाचा कागद

बायजामावशी,

तुला वाचता येत नव्हतं, तरी मी तुला लिहायला बसलो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवा तुमी मास्तर, वाचनारा मी बघते." तू जन्मभर तेच केलंस. मी लिहीत गेलो आणि तू वाचणारा शोधत गेलीस. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. या वेळी वाचणारा मलाच शोधावा लागला. तो कोण, ते शेवटी सांगतो.

वैशाखऱ्यापासून खाली काळू नदीच्या कडेकडेनं किती घरांत तू नाळ कापलीस, किती बाया तुझ्या हातून सुखरूप सुटल्या, हे गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चांगली सुईण कशी असते ते बायका सांगतील. मला त्या कागदांविषयी लिहायचं आहे, जे तू बाळांच्या उशाला ठेवत गेलीस, आणि त्यावरून आपण दोघं भांडत आलो त्याविषयी.

मी या गावच्या शाळेवर आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझा समज असा होता की मुलाचं शिक्षण शाळेत नाव घातल्या दिवशी सुरू होतं. त्याआधी त्यानं खेळावं, गुरं बघावीत, मोठं व्हावं. सहा-सात वर्षांची पोरं पहिल्या दिवशी वर्गात यायची आणि मी पुस्तक उघडलं की मागे सरायची. मी त्याला बुजरेपणा म्हणत असे. एकदा तू शाळेच्या दारात टेकून ते पाहिलंस आणि म्हणालीस, "बुजतील नाय तर काय? यांच्या घरात कागद येतो तो वाईटच. एक तर समन्स, नाय तर तार. कागद आला की आय रडते, एवढंच त्यांनी बघितलंय."

मी हसलो होतो. ते हसणं मला आता आवडत नाही.

मग माझ्या घरी मुलगा झाला. काळू भरून वाहत होती, पत्नीला माहेरी कल्याणला नेता आलं नाही, म्हणून तू आलीस. मी रोज संध्याकाळी पत्नीला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. मुरबाडहून यायचं ते, चार दिवसांचं शिळं. बाळ कितीही रडत असलं तरी मी वाचायला लागलो की गप्प होई. माझं तिकडे लक्षही नव्हतं. तू बाजूला शेगडी फुंकत बसलेली असायचीस. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस,

"काय वाचता ओ एवढं?"

"कापसाचे भाव. आणि विलायतेतली भाषणं."

"ते याला कळतं?"

"छे."

"मंग गप का होतो?"

"आवाजानं होत असेल."

"आवाज मला बी हाय की. मी सकाळपासून बडबडते, तवा नाय होत गप."

पाचव्या दिवशी तू मला मुद्दाम वाचायला लावलंस, मधेच थांबवलंस, पुन्हा वाचायला लावलंस, आणि ताप आलेल्याच्या कपाळावर हात ठेवून बघावं तशी बाळाच्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "वाचताना मानूस सावकाश बोलतो. आन दुसरं काय करत नाय. हात थांबलेले असतात. पोराला ते कळतं."

मावशी, नंतर मी शिक्षणावरची बरीच पुस्तकं वाचली, शिक्षकांच्या वर्गालाही जाऊन आलो. याहून नेमकं वाक्य मला कुठे मिळालं नाही.

सहाव्या दिवशी सटीची पूजा झाली. पाटावर तू तांदळाची रास मांडलीस, शेजारी लेखणी आणि कोरा कागद. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब त्यावर लिहून जाते. सकाळी कागद कोराच दिसतो, कारण देवीची अक्षरं माणसाला दिसत नाहीत. मग तो पूजेच्या तांदळाबरोबर नदीत सोडायचा. तू तो हातात धरून जरा थांबलीस. "मास्तर, देवीचं तिनं लिवलं. आता आपलं आपन का नाय लिवायचं?"

तुझी युक्ती साधी होती. देवीच्या कागदाला हात लावायचा नाही, तो नदीत जाईल. सातव्या दिवशी आंघोळ झाली की दुसरा कागद बाळाच्या उशाला ठेवायचा. त्यावर मी एक लहानशी गोष्ट लिहायची, आणि ती आईनं नाहीतर बापानं रोज बाळाला मोठ्यानं वाचून दाखवायची.

मी म्हटलं, "लोक का ऐकतील?"

"तेल लावा म्हनते, ते ऐकतात. धुरी द्या म्हनते, ते ऐकतात. ओव्याचं पानी सांगते, ते बी ऐकतात. त्यातच हे एक."

आणि खरंच तसं झालं. पुढे ते तुझ्या तोंडून एका दमात येऊ लागलं: तेल, शेक, धुरी, वाचन. बाळंतिणीची सासू बोटांवर मोजून ते पाठ करायची. त्यात वाचन कुठून आलं हे तिला कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्याच सुमारास मी मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला होता. दोन माणसं यायची, त्यातला एक कंदिलावर बिडी पेटवायला. तू वर्ग काढला नाहीस. तू बापाच्या मांडीवर पोर दिलंस आणि हातात कागद दिलास. बापाला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं थोरलं पोर शेजारी बसवलंस. "पोर सांगंल, तसं बापानं म्हनावं. पन म्हनायचं बापानं." मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नांगर सोडून आलेला बाप ओल्या पायांनी ओटीवर बसला आहे, तिसरीतली मुलगी त्याच्या कानाशी एकेक शब्द सांगते आहे, आणि तो ते बाळाला सांगतो आहे. दोन-तीन महिन्यांत त्याला गोष्ट पाठ व्हायची. मग तो अक्षरांवर बोट फिरवत म्हणू लागायचा, आणि एखाद्या दिवशी बोट आणि शब्द नेमके एकाच जागी यायचे. त्या वेळी त्याचा चेहरा बघायला मी किती घरी मुद्दाम गेलो आहे. हे मी शिकवलं नव्हतं.

माझं लिहिणं तुला सुरुवातीला मुळीच पसंत नव्हतं. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, 'एका जलाशयाच्या तीरी एक कर्कट वास्तव्य करीत असे.' तू मला वाचायला लावलंस आणि विचारलंस, "कर्कट कोन?"

"खेकडा."

"मंग खेकडाच म्हना की. आपल्या बांधात राहतो बिचारा, त्याला परका कशाला करता?"

मी खोडलं. माझं लिहिणं आज कुणाला साधं वाटत असेल तर ते तू खोडायला लावलेल्या शब्दांमुळे. ठाकरवाडीत तर तू माझं काहीच चालू दिलं नाहीस. तिथे घरची बोली वेगळी. तू म्हणालीस, त्यांच्याच आयांना गोष्ट सांगू दे, तुमी नुसती उतरून घ्या. मी एका झोपडीच्या दारात बसून उतरून घेतली, आणि घरातल्या मुलानं ती वाचली तेव्हा त्याची आई तोंडावर पदर घेऊन हसत राहिली. आपलं बोलणं कागदावरून परत ऐकू येतं, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. त्या वाडीत नंतर मला कधी परका म्हणून कुणी वागवलं नाही.

आता ती हकिकत, जी आपण दोघांनी पुन्हा कधी काढली नाही.

जर्मनीशी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मुरबाडच्या बाजारात रॉकेल मिळेना, कागद तर त्याहूनही दुर्मीळ. पूर्वी मी एका बाजूला मोठ्या अक्षरांत गोष्ट लिहायचो. आता अर्धा ताव घेऊन दोन्ही बाजूंना लिहू लागलो. धोंडूच्या घरी मुलगी झाली तेव्हा मी चिंबोरीची, म्हणजे खेकडीची, गोष्ट लिहिली. शेताच्या बांधात चिंबोरीचं घर असतं. पाऊस वाढतो, बांध फुटतो, घर वाहून जातं, पिल्लं पांगतात. इथे पहिली बाजू संपली. मागच्या बाजूला चिंबोरी वरच्या बांधावर चढते, हाका मारते, आणि भाताच्या काड्यांना धरून राहिलेली पिल्लं एकेक करून परत येतात.

सटीच्या दिवशी दुपारी तुला तानशाकडून सांगावा आला. भाचीचं बाळंतपण अडलं होतं. तू पूजेचं सामान आणि माझा घडी घातलेला कागद धोंडूच्या आईच्या हातात दिलास आणि वाटेला लागलीस. कोरा कागद त्यांच्या घरात असेल असं तुला वाटलं. त्यांना वाटलं, बायजानं आणलाय तोच कोरा, मास्तरांचा उद्या येईल. म्हातारीला कमी दिसायचं, रॉकेलअभावी घरात दिवाही मिणमिणता. तिनं घडी उलगडली आणि कागद पाटावर ठेवला.

सकाळी कागदावर अक्षरं होती.

पिढ्यान्‌पिढ्या जो कागद कोरा राहिला, त्यावर अक्षरं. धोंडू त्या आठवड्यात लाकडाची गाडी घेऊन शहापूरकडे गेला होता. म्हणून शेजारच्या गणूला बोलावलं. गणू कल्याणला हमाली करून आलेला, दुकानांच्या पाट्या वाचणारा. त्यानं वाचलं: 'पाणी चढलं. बांध फुटला. घर वाहून गेलं. लेकरं चारी दिशांना पांगली.' तिथे पान संपलं आणि गणूनं कागद खाली ठेवला. मागच्या बाजूला काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. देवी दोन्ही बाजूंना कशाला लिहील? कागदाची टंचाई आम्हाला होती, तिला नव्हती.

म्हातारीनं तो कागद तांबड्या फडक्यात बांधला. धोंडूच्या बायकोनं, येसूनं, हाय खाल्ली. ती मुलीला जवळ घ्यायला धजेना, तिचं दूध आटलं. शेजारणी कापसाच्या वातीनं शेळीचं दूध बाळाच्या तोंडात पिळू लागल्या. बायजाच्या कागदांनीच देवी कोपली असं म्हणत आजूबाजूच्या घरांनी आपापल्या बाळांच्या उशाचे कागद काढून चुलीत घातले. "आता बायजाला घरात घ्याची नाय," असं ओढ्यावर बायका उघड बोलू लागल्या.

हे मला त्याच संध्याकाळी कळलं. काय वाचलं ते ऐकताच मी ओळखलं, गोष्ट माझी आहे. आणि मी गेलो नाही.

मनाला मी हजार कारणं सांगितली. मास्तरानं देवीच्या कामात हात घातला म्हणतील. पोरं शाळेत यायची बंद होतील. वरच्या साहेबांना कळेल. बायजामावशी येऊ दे, तिला लोकांशी बोलता येतं, मला येत नाही. असे दोन दिवस गेले, मावशी. ते दोन दिवस एक बाळ शेळीच्या दुधावर होतं आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते कळलं असावं, असं मला वाटतं. कारण 'तुमी दोन दिस काय करत होता?' हे तू मला कधीच विचारलं नाहीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू परतलीस. वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार. स्वतःच्या घरीही न जाता धुळीच्या पायांनी तू थेट धोंडूच्या अंगणात गेलीस आणि मला बोलावणं पाठवलंस. मी पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. धोंडूही पहाटेच परत आला होता, अजून अंगावर गाडीची धूळ.

"कागद कुठं हाय?" तू म्हातारीला विचारलंस.

"नको गो बायजा. बांधून ठेवलाय."

"सोड."

गणू पुढे झाला. "आन मावशे, मी वाचतो."

"तू वाचलंस तेवढं रग्गड झालं. बस खाली."

मग मी पुढे सरकलो. माझ्याकडे न बघताच तू म्हणालीस, "मास्तर, तुमी पन नको. धोंडू, घे."

"मी? मावशे, मला कुठं येतंय? शहापूरला मामाकडं तिसरीपावतर गेलो, त्याला किती वर्सं झाली."

"तिसरी काय थोडी झाली? पोर कोनाची हाय?"

"माझी."

"मंग तुझ्या पोरीचं तू वाच."

येसू भिंतीला टेकून बसली होती, ती हलली नाही. तू मुलीला उचलून धोंडूच्या मांडीवर ठेवलंस, कागद त्याच्या हातात दिलास आणि पाय पसरून बसलीस, आता कुठेच जायचं नाही अशी.

धोंडू वाचू लागला. चिखलातून बैल पाय काढतो तसं एकेक अक्षर. जोडाक्षरापाशी तो थांबे, मागे जाई, पुन्हा येई. शब्द पुरवायला मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तुझा हात वर झाला. 'बांध फुटला' ऐकून म्हातारी रडू लागली. 'लेकरं पांगली'पाशी धोंडूनं कागद खाली घेतला.

"झालं," तो म्हणाला.

"फिरव."

"काय?"

"कागद फिरव. मागं काय हाय ते वाच."

त्यानं कागद उलटला. मागची अक्षरं दिसताच गणूनं कपाळाला हात लावला. धोंडू वाचत राहिला. चिंबोरी वरच्या बांधावर चढली. तिनं हाक मारली. पहिलं पिल्लू आलं. मी गोष्टीत पिल्लं सात ठेवली होती आणि प्रत्येकाला एक ओळ दिली होती. त्या दिवशी वाटलं, थोडी कमी ठेवली असती तर बरं झालं असतं. पण तिसऱ्या पिल्लापासून बायका धोंडूच्या आधीच "आलं का?" म्हणू लागल्या. पाचव्याला कुणीतरी हसलं. सातवं पिल्लू काडीवरून उतरलं तेव्हा येसू उठली, धोंडूपाशी आली आणि मुलीला त्याच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यानं परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचून होईतो मुलगी आईच्या पदराखाली होती.

मग तू उभी राहिलीस. "आता समद्यांनी ऐका. हे देवीनं नाय लिवलं. मास्तरांनी लिवलंय, मी आनलंय. घाईत चूक माझी झाली. दोष द्यायचा तर मला द्या."

सगळे माझ्याकडे वळले. मी नुसती मान हलवली. 'चूक माझीही झाली, मला ठाऊक होतं आणि मी आलो नाही,' एवढं बोलायचं होतं. ते राहिलं.

म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मास्तरांनी लिवलं खरं. पन त्यांच्या हातून लिववलं कोनी?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तू डोळ्यांनी मला गप्प केलंस. परतताना वाटेत मी चिडलो. म्हटलं, "मावशी, खुळी समजूत तशीच राहिली."

"राहू दे. दूध आलं ना?"

"पण खरं काय ते लोकांना कळायला हवं."

"मी सांगितलं की खरं. त्यांनी काय ऐकलं ते त्यांचं."

हे आपलं भांडण तसंच राहिलं आहे. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी मी म्हातारीला उत्तर द्यायला हवं होतं. मग आठवतं की ज्यानं दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं, त्याला तिसऱ्या दिवशी खऱ्याखोट्यावर बोलायचा अधिकार फारसा नव्हता. तुला हे दिसत होतं. तू बोलली नाहीस, ही तुझी माया.

पुढच्या आठवड्यात काय झालं ते मात्र मी अभिमानानं लिहितो. "धोंडू वाचतो, तर आमी काय बैल हाव?" असं म्हणत बाप माझ्या दारात येऊ लागले. ज्यांनी कागद जाळले होते तेच पुन्हा मागायला आले. गणूही आला, सगळे गेल्यावर, मान खाली घालून. "मास्तर, मला दोन्ही बाजूंचा द्या." तुला घरात न घेण्याची भाषा विरून गेली. उलट शहापूरच्या बाजूनं, तानशाकडच्या गावांतून तुला बोलावणी येऊ लागली आणि ती माणसं आधीच विचारायची, येताना कागद आणाल ना?

तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या पहिल्या बाजूला, खाली, 'मागे पाहा' असं लिहू लागलो. ते काय आहे हे तू विचारलंस, मी सांगितलं. तू मान हलवलीस. "कशाला? कागदाला पाठ असते हे मानसाला एकदा कळलं की तो नाय इसरत." मी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं लिहीत राहिलो. मास्तराची खोड.

त्या बाळांपैकी पहिली पोरं शाळेत आली तो दिवस तुला आठवत असेल, तू कारण काढून दारात उभी होतीस. मी पुस्तक उघडलं. कुणी मागे सरलं नाही. एक मुलगा पुढे सरकून पानावर वाकला. मी चार ओळी वाचून थांबलो, तर वर्गातून आवाज आला, "मंग?" मी दाराकडे बघितलं. तू पदरानं नाक पुसत होतीस, आणि मला दिसू नये म्हणून कुठल्याशा कुत्र्याला हाड हाड करत निघून गेलीस. तिथे कुत्रा नव्हता.

एकदा तपासणीला साहेब आले. पहिलीच्या मुलांना एवढी गोष्टीची गोडी कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गावच्या सुईणीमुळे." त्यांना तो विनोद वाटला. ते हसले, मीही गप्प राहिलो, आणि शेऱ्याच्या वहीत माझं कौतुक लिहिलं गेलं. तेही तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "लिवलं ना चांगलं? मंग झालं."

मी तुझ्यासाठी एक पाटी आणून ठेवली होती. तू तिला हात लावला नाहीस. "मला येत नाय म्हनून मी घरात शिरून म्हनते, वाच रं, मला ऐकायचंय. मला यायला लागलं तर मीच वाचून दाखवीन आन ते बघत बसतील." मी म्हणायचो, हा आळस आहे. "आसंल," तू म्हणायचीस. ज्या बाईनं एवढ्या माणसांना वाचतं केलं तिला स्वतःचं नाव वाचता येऊ नये, हे मला शेवटपर्यंत सलत राहिलं. तुला ते कधीच सललं नाही. यात कोण चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या आजारात धोंडूची मुलगी गोदी रोज शाळा सुटली की तुझ्याकडे येत होती. दुसरीत आहे ती. चिंबोरीचा तोच कागद, घड्यांवर फाटलेला, तांबड्या फडक्यात सांभाळलेला, ती तुला वाचून दाखवायची. मी उंबऱ्यावर बसायचो आणि सवयीनं तिचा उच्चार सुधारायचो. डोळे मिटूनच तू म्हणालीस, "मास्तर, तिला चुकू द्या. चुकत चुकत तिच्या बापानं वाचलं म्हनून ती हाय." थोड्या वेळानं गोदीची एक ओळ सुटली. तू तशीच पडल्या पडल्या म्हणालीस, "चौथं पिल्लू राहिलं गो." गोदी मागे गेली आणि चौथ्या पिल्लाला घेऊन आली.

गोष्ट तुला पाठ होती एवढंच असेल. की एवढ्या वर्षांत एवढ्या बोटांमागे तुझे डोळे फिरले होते, त्यातून काही आलं होतं आणि तू ते लपवलंस? मी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

मावशी, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाकरवाडीत एक मुलगा झाला. तुझ्या हाताखाली शिकलेली येसू गेली होती. काल त्याचा सातवा दिवस. परवापासून मी ताव कापून, शाई करून वाट बघत होतो, की कागद मागायला कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. मला वाटलं, संपलं, तुझ्याबरोबर गेलं. आज सकाळी गोदीला विचारलं तर ती म्हणाली, "गेला की कागद. बाबांनी लिवला."

धोंडूनं काय लिहिलं ते विचारलं नाही. गोदीनं आपणहून एवढं सांगितलं की दोन्ही बाजूंना लिहिलं आहे.

तेच कापलेले ताव मी आज तुझ्यासाठी वापरले. परवा तुझ्या बाराव्याला तुझ्या अंगणात सगळे जमतील, येसू, म्हातारी, गणू, वाडीवरची माणसं. मी बोलायला उभा राहिलो तर मला शब्द सुचणार नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून हे धोंडूनं वाचायचं आहे, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. त्याला अजून जोडाक्षरं अडतात. मी सुधारणार नाही.

त्या दोन दिवसांविषयी लिहिलं आहे ते तिसऱ्या तावाच्या मागच्या बाजूला आलं आहे. ज्याची मुलगी होती, त्याच्याच तोंडून ते गावाला कळेल. पुढच्या बाजूला, खाली, 'मागे पाहा' असं मी या वेळी लिहिलेलं नाही. धोंडू पान उलटेल.